सराफ, गिऱ्हाईक आणि तिसरा

सराफी व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या एक अजब सोय होती. दागिना विकणारा, त्याचा कस सांगणारा आणि तोच दागिना मोडीला आला की घट लावणारा, तिघेही एकच. घेताना बावीस कॅरेटची असलेली पाटली मोडताना वीसची कशी भरते, या प्रश्नाची बोळवण ‘झाळेत गेलं’ एवढ्यावर व्हायची. कसोटीच्या दगडावरची रेघ वाचायला मुरलेला डोळा लागतो, आणि तो पेढीवरच बसलेला. दुकानावर ‘केडीएम’ची पाटी असली की लोक निर्धास्त होत. वास्तविक केडीएम म्हणजे कॅडमियमची झाळ. तिचा धूर कारागिराला घातक, आणि शुद्धतेचा दाखला ती कधीच नव्हती.

यावर तोड म्हणजे कस तिसऱ्याने पाहायचा. इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्डने चांदीच्या भांड्यांवर तपासणीनंतर बिबट्याच्या मुखाचा ठसा सक्तीचा केला. अर्थात तपासणारे सोनारांचेच पंच होते, म्हणजे निम्मेच त्रयस्थ! भारतीय मानक ब्युरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली आली, तीही ऐच्छिक. जून २०२१पासून २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली.

तपासणी केंद्रात आधी क्ष-किरणांच्या यंत्रावर डाग पाहतात. पण खरा निवाडा भट्टीचा. खेपेतल्या डागाचा कण कातरून, तोलून, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिसं तांब्यासारख्या भेसळीला बरोबर घेऊन वाटीतच मुरतं. उरते सोन्याचांदीची गोळी. ती ठोकून, लाटून, सुरळी करून नायट्रिक आम्लात उकळली की चांदी विरघळते. राहिलेलं सोनं पुन्हा तोलायचं. हजार भागांत किमान ९१६ भाग भरले तरच २२ कॅरेटचा ठसा.

आता नाजूक भाग. या तपासणीचे पैसे सराफच देतो. २०२२पासून डागामागे ४५ रुपये, वर जीएसटी. ज्याची परीक्षा त्याचीच फी, तर केंद्राला गिऱ्हाईक गमावण्याची भीती वाटणारच. माझ्या मते यावरचा उतारा ठशात नाही, मागमुसात आहे. प्रत्येक डागाला अक्षरं-आकड्यांचा सहा खुणांचा वेगळा क्रमांक मिळतो आणि केंद्रातच लेसरने कोरला जातो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की सराफ, केंद्र, शुद्धता सगळं दिसतं. ब्युरो बाजारातून नमुने उचलते तेव्हा कच्चा निघालेला डाग कुणाच्या हातून गेला हे लपत नाही. या क्रमांकाविरुद्ध ऑगस्ट २०२१मध्ये सराफांनी एक दिवस दुकानं बंद ठेवली. १ एप्रिल २०२३पासून सक्तीच्या जिल्ह्यांत त्याच्याविना विक्रीच नाही. कस कमी भरला, तर तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीखर्च मागता येतो.

मात्र ठसा शुद्धता सांगतो, वजन नाही. खड्यांचं, लाखेचं वजन सोन्याच्या भावात गेलं तर ठशाचा दोष नाही. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्यावं.

आणि दोन ग्रॅमच्या आतल्या डागांना सक्तीच नाही. चमकी, बाळाच्या बाळ्या, दसऱ्याला घेतलेलं एक ग्रॅमचं वेढणं, म्हणजे बेताच्या ऐपतीचं बरंचसं सोनं या सवलतीतून निसटतं. चारपर्यंत डाग २०० रुपयांत कुणालाही केंद्रात तपासून घेता येतात. पण चमकीसाठी २०० रुपये आणि वर जिल्ह्याच्या गावचं एसटीभाडं कोण घालणार?