थंडी अचानक येत नाही : मनमाडचा नोव्हेंबर आणि आपली तयारी

नोव्हेंबर संपत आला की मनमाडमध्ये हवेचा एक आठवडा कोड्यात टाकणारा असतो. पहाटेचा गारठा सुरू झालेला असतो, स्वेटर बाहेर निघालेले असतात. तेवढ्यात उकाडा वाढतो, आभाळ भरून येते, कधी पाऊस पडतो, कधी गाराही. दोन दिवसांनी आभाळ निरभ्र होते आणि मग खरा कडाका पडतो. ‘निसर्ग कोपला’ म्हणून लोक मोकळे होतात. पण कोणतीही गोष्ट तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून आधी कारणे पाहू.

हे घडते कसे?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून कमी दाबाच्या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांचा मुख्य परिणाम हिमालयात आणि उत्तरेच्या मैदानात होतो. मात्र विक्षोभ जोरदार असेल आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरून बाष्प येत असेल, तर आपल्याकडेही ढग जमतात. हे ढग गोधडीसारखे जमिनीची ऊब रात्रभर धरून ठेवतात, म्हणून थंडी पळते. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे येतात. गोधडी निघते, जमिनीची ऊब रात्रीतून निघून जाते आणि पारा घसरतो. शेजारच्या निफाडचा नीचांक तर दर हिवाळ्यात राज्यभर बातमी होतो. कारण असले की परिणाम, कारण सरले की परिणामही सरतो. धम्मवर्गात प्रतीत्यसमुत्पाद समजावायला हे उदाहरण चांगले आहे.

ढग सर्वांवर, फटका कोणाला?

26 नोव्हेंबर 2023, रविवार. संविधान दिन. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. द्राक्ष आणि कांद्याचे मोठे नुकसान झाले. अशा वेळी पंचनामे होतात, व्हायलाच हवेत. पण पंचनामा पिकाचा होतो, बुडालेल्या रोजाचा होत नाही. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्या कांदा काढणाऱ्या बाया, हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, पत्र्याच्या घरात राहणारी कुटुंबे कुठल्याच यादीत येत नाहीत. आमच्या समाजातील कितीतरी माणसे याच लोकांमध्ये आहेत.

याच मनमाडमध्ये 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. उन्हा-पावसात उघड्यावर काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न त्या मांडणीपासून वेगळा नाही.

6 डिसेंबरची वाट

हा बदलता आठवडा नेमका महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावर येतो. मनमाड जंक्शनवरून दादर सुमारे अडीचशे किलोमीटर. जनरल डब्यातून म्हाताऱ्या आया, लहान लेकरे चैत्यभूमीकडे निघतात. रात्र फलाटावर, मग शिवाजी पार्कवर काढतात. 2017 साली 5 डिसेंबरला ओखी चक्रीवादळामुळे मुंबईत पाऊस झाला आणि शिवाजी पार्कवर उतरलेल्या अनुयायांसाठी पालिकेला शाळा उघडाव्या लागल्या. कारण वेगळे होते, पण भिजले तेच लोक.

आपण काय करू शकतो?

हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा काही दिवस आधी मिळतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ‘मौसम’ आणि ‘दामिनी’ ही ॲप फोनवर घ्या. दामिनी विजेचा इशारा देते. नोव्हेंबरच्या शेवटी वस्तीतल्या एका तरुणाने रोज हा इशारा पाहून विहाराच्या फलकावर लिहावा. चैत्यभूमीला जाणाऱ्यांची यादी करताना दम्याचे, रक्तदाबाचे रुग्ण आणि त्यांची औषधे नोंदवावीत. प्रत्येकाजवळ चादर आणि एक प्लॅस्टिकचा कागद असावा. गारपीट झालीच, तर फोटो, तारीख आणि बुडालेल्या रोजांची नोंद करून तहसील कार्यालयात निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. नोंद नसेल तर आपले नुकसान झालेच नाही, असे धरले जाते.

विक्षोभ आपण अडवू शकत नाही. आपल्या माणसांचे भिजणे, गारठणे मात्र पुष्कळसे अडवू शकतो. करुणा म्हणजे एवढेच, वेळेवर केलेली तयारी.

जय भीम! नमो बुद्धाय!