पितळ नसलेली पुंगळी

मेळघाटातल्या धारणीत पंच म्हणून सही करायला मला बरेचदा बोलावणं यायचं. सरकारी शाळेतला मास्तर, कोर्टाच्या तारखेला हजर राहतो, एवढं पुरायचं. त्यात वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बाराबोर बंदूक होती, हे साऱ्या गावाला ठाऊक.

हरिसालकडच्या एका नाल्याकाठी सांबर मेलेलं सापडलं तेव्हाची गोष्ट. दहा पावलांवर पाचोळ्यात अंगठ्याएवढी हिरवट नळी पडली होती. बुडाला पितळ नाही. कुणी म्हणालं टॉर्चचा तुकडा, कुणी म्हणालं खेळणं. वनमजूर दादा मात्र उकिडवा बसला नि म्हणाला, "मास्तर, याले टोपी हाये." खरंच होती. बुडाच्या मधोमध, हिरवा गंज चढलेली, आणि तिच्यावर फायरिंग पिनचा खोल ठसा. झाडलेलं काडतूस.

पंचनाम्यात शब्द उतरले : 'भरमार बंदुकीचे काडतूस'. जवळच्या वस्तीत एका कोरकू माणसाकडे भरमार मिळाली होती, म्हणून.

मी सही थांबवली. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. दारू, चिंध्या, छर्रे सगळं नळीच्या तोंडातून गजाने ठासायचं. तिच्यात काडतूस बसायला जागाच नसते! ही पुंगळी मागून भरायच्या बंदुकीची, मापाने बाराबोर. एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्या ओतल्या तर एकीची जाडी भरेल तेवढी त्या नळीची रुंदी, साधारण साडेअठरा मिलिमीटर.

मग बूड. वडिलांच्या डब्यात एली-कायनॉकची कागदी काडतुसं होती, खडकीच्या कारखान्यातली शक्तिमानही होती. अंग कागदाचं असो की प्लास्टिकचं, बुडाला धातूची वाटी ठरलेली. बुडासकट सगळं प्लास्टिकचं अशी काडतुसं मला दोनच ठाऊक, दोन्ही अमेरिकेची : 1960 च्या दशकाच्या अखेरीस ह्यूस्टनची वांडा आणि 1980 च्या दशकातली वेस्ट व्हर्जिनियाची ॲक्टिव्ह. ॲक्टिव्हच्या बुडात, प्लास्टिकच्या आत, पोलाद दडवलेलं असतं. शाळेच्या विज्ञानपेटीतला लोहचुंबक मागवला, सगळ्यांसमोर बुडाला बाहेरून लावला. चिकटला नाही. म्हणजे ॲक्टिव्ह नव्हे. बुडावरची अक्षरं झिजलेली, म्हणून दुसरं नावही मी लिहू दिलं नाही.

वयाबद्दल मात्र शंका नव्हती. एक बाजू उन्हाने पांढरी पडलेली, कड बोटाने दाबली तर तडकेल इतकी ठिसूळ, आत माती, आणि त्या मातीत गवताची मुळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. सांबर कालचं होतं. ती मुळं कालची नव्हती. 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 ला वन्यजीव कायदा, 1974 ला मेळघाट व्याघ्र प्रकल्प. त्याआधी नागपूरच्या शिकार कंपन्या अमेरिकन पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलांत आणत. ही पुंगळी त्यांच्यातल्याच कुणाची असेल असं मला मनातून वाटलं, पण पंचाने वाटलेलं सांगायचं नसतं, दिसलेलं सांगायचं असतं.

ओळ खोडली, खोडल्या जागी दोन्ही पंचांच्या सह्या झाल्या, आणि नवीन ओळ आली : 'धातूचे बूड नसलेली, बाराबोर मापाची, जुनी प्लास्टिक पुंगळी, आत माती व गवताची मुळे'. विनापरवाना भरमारीचा गुन्हा त्या माणसावर राहिलाच. पण या पुंगळीचा धागा त्याच्या गळ्यातून निघाला. दादाने ती मुळांसकट कागदात गुंडाळली आणि लाख तापवायला घेतली.