परक्या शहरात वाट कशी सापडते? लंडन आणि आपली चार प्रमाणे

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस प्रवासावर काय बोलणार? पण परक्या शहरात वाट शोधणं हा मुळात ज्ञानाचाच प्रश्न आहे. मी कुठे आहे, हे मला कशावरून कळलं? आणि जे कळलं ते खरं कशावरून? न्यायशास्त्रात प्रमाणांची चर्चा चालते ती याच प्रश्नांची.

दुसरं कारण अधिक जवळचं आहे. आपल्या वयाची पुष्कळ माणसं हल्ली मुलांकडे परदेशी जातात. मुलगा आणि सून कामावर, आणि आपण पाच दिवस खिडकीशी बसून शनिवारची वाट बघतो. शनिवारी गाडीच्या मागच्या सीटवरून शहर दिसतं. आपल्याला कोणीतरी फिरवून आणतं, आपण फिरत नाही. चुकलो तर काय, ही भीती त्यामागे असते. ती भीती खोटी नाही. गुडघे दुखतात, नजर कमी झालेली असते, समोरच्याचे उच्चार लवकर कळत नाहीत. म्हणून "घाबरू नका" एवढं सांगून भागत नाही. भीती कमी होते ती ज्ञानाने. आम्ही दोघं, म्हणजे पती-पत्नी, सत्तरी ओलांडल्यावर लंडनला चार दिवस राहिलो आणि आपापले फिरलो. त्या आधारावर चार गोष्टी सांगतो.

आधी कांटबद्दल थोडं. इमॅन्युएल कांट जन्मभर क्योनिग्जबर्गच्या परिसराबाहेर गेला नाही, पण भूगोलावर व्याख्यानं देत असे. त्याच्या चरित्रकाराने एक आठवण नोंदवली आहे. कांटने लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन इतकं बारकाईने केलं, की एका इंग्रज माणसाने विचारलं, आपण लंडनमध्ये किती वर्षं होता? याच कांटने १७८६ साली विचारातल्या दिशाज्ञानावर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की समोर सूर्य दिसला, तरी आपला उजवा हात कुठला आणि डावा कुठला हे आतून जाणवल्याशिवाय दिशा कळत नाही. नकाशा कितीही चांगला असो, नकाशातला "मी" कुठे तोंड करून उभा आहे, हे मलाच ठरवावं लागतं. लंडनच्या भुयारी स्टेशनातून वर आल्यावर नेमकी हीच अडचण येते. दोन-तीन वळणं, एक सरकता जिना, मग रस्ता, आणि आभाळ ढगाळ. पूर्व कुठली?

आता आपल्या नैयायिकांकडे येऊ. त्यांनी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. एकेक घेऊ.

पहिलं प्रत्यक्ष. लंडनच्या रस्त्यांवर जागोजागी उंच फलक उभे आहेत, त्यांवर आसपासचा नकाशा असतो. या नकाशांत उत्तर दिशा नेहमी वर नसते. तुम्ही फलकाकडे तोंड करून उभे असता, तेव्हा जे तुमच्या समोर आहे ते नकाशात वरच्या बाजूला असतं. म्हणजे कांटची अडचण फलक करणाऱ्याने आधीच सोडवून ठेवली आहे. शिवाय नकाशावर पाच मिनिटांत आणि पंधरा मिनिटांत पायी कुठवर जाता येईल, त्याची वर्तुळं काढलेली असतात. आपण मिनिटं थोडी वाढवून धरावीत. स्टेशनबाहेर आलं की लगेच चालायला लागू नये. भिंतीकडेला उभं राहावं, फलक शोधावा, मग निघावं. रस्ता ओलांडताना मात्र आपल्याला एक सोय आहे. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे आधी उजवीकडे बघायची आपली सवय तिथे कामी येते. एकेरी रस्त्यांसाठी कुठल्या बाजूला बघायचं ते रस्त्यावरच लिहिलेलं असतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या टोकाला पिवळे गोल दिवे असतात. १९३४ साली वाहतूकमंत्री असलेल्या होर-बेलिशा यांच्या नावाने ते ओळखले जातात. तिथे पाऊल टाकलं की गाडी थांबते. पहिल्या दिवशी यावर विश्वास बसत नाही!

दुसरं अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण व्याप्ती माहीत असते. लंडनमध्ये रस्त्याच्या नावाच्या पाटीवर टपाल विभागही लिहिलेला असतो. एन म्हणजे उत्तर, एसई म्हणजे आग्नेय, एनडब्ल्यू म्हणजे वायव्य. पाटी वाचली की शहराच्या कुठल्या भागात आहोत ते कळलं. हे अनुमान ठीक आहे. पण पुढचा आकडा बघून "लहान आकडा म्हणजे मध्याच्या जवळ" असं कोणी म्हणालं, तर तो हेत्वाभास. हे आकडे १९१७ साली दिले गेले आणि १ सोडून बाकीचे भागांच्या नावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने दिले. म्हणून ई ४, म्हणजे चिंगफर्ड, शहराच्या पार टोकाला आहे, आणि ई १४, म्हणजे पॉप्लर, त्यापेक्षा कितीतरी जवळ. व्याप्ती तपासल्याशिवाय अनुमान करू नये, हे वर्गात आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. तिथे ते पायांना कळतं.

नावावरून केलेलं अनुमानही असंच फसवं. सर्कल लाईन नावाची गाडी आहे. नाव वर्तुळाचं, पण २००९ च्या डिसेंबरपासून ती वर्तुळात फिरत नाही. तिला हॅमरस्मिथकडे एक शेपूट जोडलं आहे. बसून राहिलं की आपोआप परत येऊ, हे गृहीत धरता येत नाही.

तिसरं उपमान. "गायीसारखा दिसतो तो गवय" हे ऐकून रानात गेलेला माणूस गवय ओळखतो. मुंबईची लोकल ज्याला कळते त्याला लंडनची भुयारी रेल्वे बरीचशी कळते. आपल्याकडे फलाटावर उभं राहून आधी इंडिकेटर बघतात, गाडी विरारची की बोरिवलीची. तिथेही तेच. नॉर्दर्न लाईनचे शहराच्या मध्यात दोन फाटे आहेत, एक बँकवरून, दुसरा चेरिंग क्रॉसवरून. उत्तरेला पुन्हा फाटे, एजवेअर आणि हाय बार्नेट. नुसतं लाईनचं नाव पुरत नाही, गाडीचं शेवटचं स्टेशन वाचावं.

नकाशा हेही एक उपमानच. ही रेल्वे १० जानेवारी १८६३ ला सुरू झाली, जगातली पहिली भुयारी रेल्वे. आज तिच्या ११ लाईनी आणि २७२ स्टेशनं आहेत. तिचा जो प्रसिद्ध रंगीत नकाशा आहे तो हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ साली काढला आणि १९३३ साली तो छापला गेला. बेकने ओळखलं की भुयारातल्या प्रवाशाला अंतराशी कर्तव्य नसतं. कशानंतर काय येतं आणि कुठे बदलायचं, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा तिरप्या, आणि जमिनीवरची खूण एकच, थेम्स नदी. नकाशा गाडीत बसल्यावर खरा. पण त्यावरून चालण्याचं अंतर ठरवू गेलात तर फसाल. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन यांत सुमारे २६० मीटर अंतर आहे. भुयारात उतरून चढण्यापेक्षा चालत जाणं सोपं. बेझवॉटर आणि क्वीन्सवे ही दोन स्टेशनं दोन वेगळ्या लाईनींवर आहेत, रस्त्यावर मात्र हाकेच्या अंतरावर. दोन वस्तूंचं साम्य कुठवर आहे आणि कुठे संपतं, हे कळणं म्हणजेच उपमान नीट वापरणं.

जिन्यांचंही सांगायला हवं. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, पण घाईत कोणी गोल जिन्याकडे वळलं तर १९३ पायऱ्या चढाव्या लागतात. एंजल स्टेशनवरचा सरकता जिना ६० मीटर लांब आहे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची. नकाशावर चाकाच्या खुर्चीचं चिन्ह निळं असेल तर रस्त्यापासून गाडीच्या डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरं असेल तर फक्त फलाटापर्यंत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाईनच्या सर्व स्टेशनांवर फलाटापर्यंत पायरीविना जाता येतं आणि ती हीथ्रो विमानतळालाही जोडलेली आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी हे बघावं, मग जवळचा मार्ग.

चौथं शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचं वाक्य. आप्त कोण? ज्याला विषय ठाऊक आहे आणि ज्याला खरं सांगायचं आहे. स्टेशनवरचे कर्मचारी या दोन्ही अटी पुऱ्या करतात. धावत निघालेला माणूस दुष्ट नसतो, पण त्याला वेळ नसतो. प्रश्नही नेमका हवा. "हायगेटला कसं जायचं?" असं विचारलं की उत्तर लांब येतं, आणि त्यातलं निम्मं कळत नाही. "ही गाडी हाय बार्नेटची का?" याचं उत्तर हो किंवा नाही.

फोनसुद्धा शब्दप्रमाणच. तो सांगतो, आपण ऐकतो. सोयीचा आहे, आम्हीही वापरला. पण निळ्या ठिपक्यामागे चालत राहिलेल्या माणसाला वाट कळलेली नसते, तो फक्त आज्ञा पाळतो. बॅटरी संपली की तो होता तिथेच अज्ञानात उभा. म्हणून निघण्याआधी वाटेतल्या तीन खुणा पाठ कराव्यात आणि मुक्कामाचा पत्ता, जवळचं स्टेशन आणि लाईन कागदावर लिहून खिशात ठेवावी.

पैशांचं थोडक्यात सांगतो. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड लागतं. आपलं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी इथूनच सुरू करून घ्यावं आणि बँक वर किती आकार लावते ते विचारावं. दोघांना दोन कार्डं लागतात. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना. दिवसभरात भाड्याला एक कमाल मर्यादा आहे, तिच्यापुढे पैसे कापले जात नाहीत. एका बसचं भाडं दिलं की तासाभरात दुसरी बस फुकट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात रेल्वेचं भाडं जास्त, गर्दीही जास्त. आपल्याला कुठे कचेरी गाठायची आहे? दहा वाजता निघावं.

आणि दिवसाला एकच भाग घ्यावा. एके दिवशी ब्लूम्सबरी: ब्रिटिश म्युझियम, आणि तिथून चालत युनिव्हर्सिटी कॉलेज, जिथे जेरेमी बेंथमचा सांगाडा त्याच्याच कपड्यांत काचेच्या पेटीत बसवलेला आहे. एके दिवशी चॉक फार्म स्टेशन. तिथून पायी थोड्या अंतरावर किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचं घर आहे. १९२१-२२ च्या सुमारास, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. त्या काळात या शहरात ना फोन, ना बेकचा नकाशा. एक विद्यार्थी तिथून निघून रोज ग्रंथालय गाठत होता, आणि जेवणावरसुद्धा जपून खर्च करत होता. त्या दारापर्यंत आपल्या पायांनी गेलं की आपली भीती जरा लहान वाटते.

नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं की खोटं हे शेवटी कृतीने कळतं. पाणी समजून पुढे गेलो आणि तहान भागली तर ते ज्ञान खरं, नाहीतर मृगजळ. वाटेचंही तेच. मुलांनी काळजीपोटी "आई, बाबा, एकटे जाऊ नका" म्हटलं तर त्यांच्यावर रागावू नये. आधी एक स्टेशन जावं, परत यावं आणि त्यांना सांगावं. दुसऱ्या दिवशी दोन. त्यांची काळजी आपल्या आश्वासनांनी जात नाही, आपण संध्याकाळी वेळेवर घरी पोचलो की जाते.

आता काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.