नवजात बालकाचे पहिले २८ दिवस

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बालकासाठी सर्वाधिक जोखमीचे असतात. या काळातील पुष्कळसे मृत्यू घरच्या दक्षतेने टळू शकतात, हे गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षित करून नवजात बालकांची घरोघरी देखभाल केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे हे कार्य सोपविण्यात आले.

प्रसूती शक्यतो रुग्णालयातच व्हावी. बाळास त्वरित कोरडे करून आईच्या छातीशी ठेवावे व पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पिवळसर चीक पिळून टाकू नये. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. मध, घुटी वा साखरपाणी देऊ नये. पहिले २४ तास अंघोळ टाळावी. नाळेस काहीही लावू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले वा तापले, श्वास जलद झाला, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. शासकीय रुग्णालयात हे उपचार विनामूल्य होतात.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी यावयाचे असते. या भेटी नियमितपणे होतात की नाही, याकडे ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. एखादी भेट चुकणे बाळाच्या जिवावर बेतू शकते.