दात पांढरे करून घेण्यापूर्वी

दात पांढरेशुभ्र असावेत ही हौस आपल्या घरांत तशी फार जुनी नाही. आपल्या पणज्या दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत, आणि सवाष्णीच्या मुखाला ते शोभून दिसे. हिराकस आणि मायफळ एकत्र आले म्हणजे शाईसारखा काळा रंग तयार होतो. तोच दातांवर बसवायचा. वडोदऱ्यातल्या जुन्या वाड्यांत नांदायला आलेल्या सुनांच्या पेटीत करंड्याशेजारी दातवणाची डबीही असे. आज त्याच घरांतल्या पणत्या लग्नाची तारीख ठरली की दंतवैद्याकडे जाऊन दात पांढरे करून मागतात. रुची बदलते, त्यात वावगे काही नाही. मात्र पांढरे करण्याचे काम तीव्र रसायनाचे आहे, आणि ते करून घेणाऱ्याला त्यातले चार धागेदोरे ठाऊक असलेले बरे.

मी वैद्य नव्हे. वडील राजवाड्यात गाणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतले, आणि मी गाणे शिकवून निर्वाह करणारा. मग हा या विषयात कुठून शिरला, असे आपण विचाराल. तर गाणे शिकवणाऱ्याला दिवसभर दुसऱ्यांचे दातच पाहावे लागतात! खुला आकार लावायचा तर तोंड उघडावे लागते, आणि ज्याला आपल्या दातांची लाज वाटते तो ते पुरते उघडीत नाही. माझ्याकडे एक मुलगी शिकते. गळा गोड, पण आवाज कायम ओठांआड अडकलेला. दोन वर्षे मी तिला तोंड उघडायला सांगत होतो. शेवटी तिच्या आईकडून कळले की पुढचा एक दात काळपट आहे म्हणून ती तसे गाते. तिला घेऊन आम्ही दंतवैद्याकडे गेलो, आणि त्या दिवसापासून मी हा विषय विचारून, वाचून समजून घेऊ लागलो.

पहिली गोष्ट अशी की, निरोगी दात मुळात कागदासारखा पांढरा नसतोच. वरचे एनॅमलचे कवच अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचे डेंटिन पिवळसर. वय वाढते तसे कवच झिजते, आतला पिवळेपणा अधिक दिसू लागतो. दंतवैद्याकडे रंग जुळवण्यासाठी छटांची एक पट्टी असते. नेहमीच्या जुन्या पट्टीत १६ छटा, चार गटांत लावलेल्या. कोणाचा दात तांबूस झाकेचा, कोणाचा करडा. आम्ही गाणारे जसे कोणाची पट्टी काळी चार, कोणाची पांढरी दोन म्हणतो, तसेच हे. प्रत्येकाला आपल्या पट्टीतच गायचे असते. उपचारापूर्वी आपली छटा कोणती आणि कुठवर जाणे शक्य आहे, हे दंतवैद्याकडून बघून, शक्य तर छायाचित्र काढून ठेवावे. म्हणजे मागाहून अपेक्षाभंग होत नाही.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रंग का बदलला, हे आधी विचारावे. डाग दोन प्रकारचे. चहा, कॉफी, विडा, तंबाखू, मिश्री यांचे डाग वरून बसलेले असतात. काही औषधी गुळण्यांनी आणि लोहाच्या पातळ औषधानेही दात काळवंडतात. दातवणातले लोहच ते, दुसऱ्या वाटेने आलेले. हे डाग दंतवैद्याने कीटण काढून दात घासून दिले, म्हणजे स्केलिंग आणि पॉलिशिंग केले, की बहुतेक निघून जातात. कित्येकांचे काम तेवढ्यावरच भागते आणि ब्लीचिंगचा खर्च वाचतो.

दुसरे डाग आतले. लहानपणी, दात घडत असताना, टेट्रासायक्लिन जातीची औषधे पोटात गेली तर दातांवर पिवळे-करडे पट्टे उमटतात. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर पांढरे आणि तपकिरी ठिपके येतात. आपल्यापैकी कित्येक घराण्यांतले वहिवाटदार आणि मास्तर संस्थानच्या काळात मेहसाण्याच्या बाजूला नेमणुकीवर असत. तिकडच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे सुविदित आहे. असे ठिपके ब्लीचिंगने एकदम जात नाहीत; पांढरे ठिपके तर सुरुवातीला अधिकच उठून दिसतात. टेट्रासायक्लिनच्या पट्ट्यांना रोजचा उपचार महिनोन् महिने करावा लागतो, तरी करडा रंग पुरता जाईलच असे नाही.

आणि एकच दात काळा पडला असेल, तर तो शोभेचा प्रश्नच नव्हे. माझ्या विद्यार्थिनीचा दात लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याने आतून मेला होता. वरून कितीही ब्लीच लावले असते तरी व्यर्थ. दंतवैद्याने क्ष-किरण चित्र काढले, रूट कॅनाल केले, आणि मग दाताच्या आत औषध ठेवून त्याचा रंग उजळवला. तिचा आकार आता कसा लागतो, हे ऐकायला आपण या!

आता प्रत्यक्ष उपचार. औषध एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ज्यातून ते सुटते ते कार्बामाइड पेरॉक्साइड. ते कवचातून आत झिरपते आणि रंगाचे कण फोडते. याच्या दोन रीती आहेत. दवाखान्यात, हिरड्यांवर संरक्षक थर देऊन, बहुधा २५ ते ४० टक्क्यांचे तीव्र द्रव्य तास-दीड तासात लावतात. दुसरी रीत घरची: दंतवैद्य आपल्या दातांच्या मापाचा पातळ साचा करून देतो, त्यात सौम्य द्रव्य घालून तो दोन-तीन आठवडे रात्री लावायचा. ही रीत १९८९ साली हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी प्रसिद्ध केली. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते ते जेमतेम साडेतीन टक्के. काम सावकाश होते, पण होते चांगले. द्रुत लयीत तान घेतली म्हणून राग लवकर येत नाही, तसेच हे. दवाखान्यातला निळा दिवा आणि लेझर यांचा गाजावाजा फार. टिकाऊ फरक त्यांनी फारसा पडत नाही. उपचारानंतर लगेच दात जे झगझगीत दिसतात, त्यात दात कोरडा पडल्याचाही वाटा असतो. थोड्याच दिवसांत रंग किंचित खाली उतरतो, आणि तोच खरा रंग. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिना-दीड महिना आधी जावे.

त्रास काय होतो? थंड पाणी लागले की सणक येते. हे पुष्कळांना होते आणि बहुधा काही दिवसांत थांबते. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट आधीपासून वापरल्यास उतार पडतो. औषध हिरडीला लागले तर ती पांढरी पडून चुरचुरते. दातात कीड, तडा, उघडी पडलेली मुळे असतील तर मात्र कळ असह्य होऊ शकते. म्हणून तपासणी आधी, पांढरेपणा मागून. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा सोस पुढे ढकलावा.

कॅप, सिमेंट आणि कृत्रिम दात यांचा रंग ब्लीचने बदलत नाही. शेजारचे दात उजळले आणि कॅप तशीच राहिली, तर दिसणारा बेसूर कायमचा. नवी कॅप बसवायची असेल तर दात आधी उजळून, साधारण दोन आठवडे थांबून, मग रंग जुळवावा.

हे काम कोणी करावे? युरोपीय संघाने २०१२ पासून नियम केला की ०.१ टक्क्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली द्रव्ये केवळ दंतवैद्यालाच विकावीत, आणि १८ वर्षांखालील मुलांना ती वापरू नयेत. आपल्याकडे दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला. तेव्हा पार्लरच्या खुर्चीत बसून दात उजळवून घेऊ नयेत, आणि दंतवैद्याच्या दारावरही नोंदणी क्रमांक पाहावा. लिंबू, खायचा सोडा, कोळसा यांचे घरगुती प्रयोग तर मुळीच नकोत. लिंबाचे आम्ल आणि कोळशाची पूड कवच झिजवतात, आणि एकदा गेलेले कवच पुन्हा येत नाही. खालचा पिवळा थर मग अधिकच दिसतो.

एक गोष्ट आमच्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो. गाण्याबजावण्यात विडा आणि सुपारी पिढ्यान् पिढ्या चालत आली. माझ्या ओळखीचे एक तबलजी मैफलीच्या छायाचित्रासाठी दात उजळवायला गेले. दंतवैद्याने त्यांना तोंड उघडून तीन बोटे उभी आत घालायला सांगितली. दोनच गेली. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठर होत चालली होती, आणि हा रोग पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. दात पांढरे झाले नाहीत, पण त्या दिवशी सुपारी सुटली. तोंडात दोन आठवड्यांत न बरा होणारा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तिखट झोंबू लागले, तोंड कमी उघडू लागले, तर दातांच्या रंगाचा विचारही बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.

उजळलेला रंग काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत टिकतो; चहा आणि तंबाखू जितकी जास्त, तितके दिवस कमी. उपचारानंतरचे पहिले दोन दिवस हळदीची आमटी आणि चहा टाळून दहीभातावर काढायला दंतवैद्य सांगतात. आपल्या घरांतल्या सुगृहिणींना तेवढे अवघड नाही. अवघड आहे ते दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर ‘पांढरे करा’ म्हणण्याआधी ‘हे पिवळे का झाले?’ एवढे विचारणे. तेवढे अवश्य विचारावे.