माटुंग्याची रविवार सकाळ

मुंबईत रविवारी नाश्त्याची वेळ टळून गेली आहे, जेवणाला अजून अवकाश आहे, अशा वेळी कुठे खायला जावं असं कोणी विचारलं, तर मी डोळे झाकून माटुंगा सांगतो. वांद्रे, कुलाबा, लोअर परळ इथे ब्रंचसाठी नावाजलेली कॅफे आहेत. तिथली अंडी, पाव, कॉफी चांगली असते आणि दोन-तीन तास निवांत बसता येतं. पण ऐंशीहून अधिक वर्षं चाललेली चार-पाच हॉटेलं पायी फिरता येतील इतक्या अंतरात, आणि प्रत्येकाचा हातखंडा पदार्थ वेगळा, हे सुख या शहरात फक्त माटुंग्याला आहे.

किंग्ज सर्कलला, म्हणजे महेश्वरी उद्यानाच्या गोलाजवळ, कॅफे मद्रासच्या दारात रविवारी नऊनंतर फुटपाथ भरलेला असतो. दारावरच्या माणसाला नाव आणि किती जण आहोत ते सांगायचं, आणि झाडाच्या सावलीत उभं राहायचं. पांढऱ्या वेष्टीतले आजोबा, व्यायाम करून घामाघूम आलेली तरुण मुलं, डोंबिवलीहून मुद्दाम आलेलं कुटुंब, पार्ल्याच्या मैत्रिणी असे सगळे एकाच यादीत. दोघंच असाल तर चौघांच्या टेबलावर अनोळखी दोघांसमोर बसवतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. समोरच्याचा रसम-वडा अर्धा झालेला बघून आपणही तोच मागवतो. बसल्यापासून बिल देईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. त्यात रागी डोसा, मुगाचा पेसरट्टू, नीर डोसा, पोडी इडली यांतलं निदान दोन तरी खाऊन होतं. कॅफे मद्रास १९४० साली सुरू झालं आणि आजही ते कामत कुटुंबाकडेच आहे.

हा परिसर असा का घडला, हे समजून घेण्यासारखं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं भराभर मेली. त्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वस्ती वसवायचं ठरलं. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, हवा खेळेल इतक्या अंतरावर कमी उंचीच्या इमारती, मध्ये पाच उद्यानं. या नव्या घरांत भाडेकरू म्हणून जे लोक आले, त्यांत मद्रास इलाख्यातले, विशेषतः पालघाटचे, तमिळ लोक मोठ्या संख्येने होते. इंग्रजी उत्तम, टायपिंग आणि शॉर्टहँड पक्कं, त्यामुळे रेल्वेत, विमा कंपन्यांत, गोऱ्या साहेबांच्या पेढ्यांत त्यांना नोकऱ्या मिळाल्या. १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीची शाळा माटुंग्यात उभी राहिली. मागोमाग देवळं, भजन समाज, केळीची पानं आणि मोगऱ्याचे गजरे विकणारी गल्ली, कांजीवरमची दुकानं आली, आणि पुढे षण्मुखानंद सभागृहही जवळच झालं.

या तमिळ वस्तीला खाऊ घालणारी माणसं मात्र बरीचशी तमिळ नव्हती. ती आली दक्षिण कन्नड जिल्ह्यातून, उडुपीच्या आसपासच्या खेड्यांतून. उडुपीचं कृष्णमंदिर आणि त्याचे आठ मठ यांच्याकडे शेकडो वर्षं रोज मोठ्या पंगती उठत आल्या आहेत. कांदा-लसूण न घालता, शेकड्याने माणसं जेवतील असा स्वयंपाक रोज रांधायचं कौशल्य त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. गावात शेती थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, त्यामुळे दहा-बारा वर्षांची पोरं मुंबईची वाट धरत. आधी कपबशा विसळायच्या, मग भटारखान्यात वाटण-घाटण, मग तवा, आणि नशिबाने साथ दिली तर गल्ला.

ए. रामा नायक हे त्यांतलं ठळक नाव. लहानपणीच ते मुंबईत आले, स्वयंपाकघरात हाताखाली राबले आणि १९३६ साली किंग्ज सर्कलला त्यांनी कॅफे म्हैसूर काढलं. १९३९ मध्ये स्टेशनाजवळ राम आश्रय, १९४० मध्ये कॅफे मद्रास, आणि १९४२ मध्ये पुन्हा रामा नायकांचंच उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. जेमतेम सहा वर्षांत माटुंग्याचा आजचा सगळा नकाशा तयार झाला. याच हॉटेलांतली कितीतरी पोरं दिवसभर टेबलं पुसून रात्री कन्नड संस्थांनी चालवलेल्या रात्रशाळांत जात. पुढे कोणी बँकेत लागलं, कोणी वकील झालं, कोणी स्वतःचं हॉटेल काढलं. मुंबईच्या इतिहासात या रात्रशाळांना मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

आपण मराठी माणसांनी इथे आणखी एक गोष्ट आठवावी. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, त्यानंतरच्या वर्षांत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम निघाली आणि उडुपी हॉटेलांवर दगड पडले. नोकरीत डावललं जात असल्याची मराठी तरुणांची तक्रार खरी होती. पण पहाटे चारला उठून पीठ कालवणाऱ्या माणसाने कोणाची नोकरी घेतली नव्हती. त्या काळात काचा फुटल्या तरी ही हॉटेलं उठून गेली नाहीत. आज त्यांच्या दारातल्या रांगेत मराठी सर्वांत जास्त ऐकू येते, आणि गल्ल्यावरचे अण्णाही चोख मराठीत बिलाचा हिशेब सांगतात. या शहराचं मला आवडणारं रूप हेच आहे.

आता डोशाकडे येऊ, कारण शेवटी सगळं त्या पिठावर अवलंबून आहे. तांदूळ आणि उडदाची डाळ वेगवेगळी भिजते, डाळीत थोडे मेथीदाणे पडतात. डाळ दगडी रगड्यात वाटतात. दगड सावकाश फिरतो म्हणून पीठ तापत नाही आणि डाळीत हवा कोंडली जाऊन ती फुलते. मिक्सरच्या पात्याला हे जमत नाही. इडलीसाठी तांदळाचा अंश जरा रवाळ ठेवतात, डोशासाठी मऊ. मग दोन्ही एकत्र करून रात्रभर ठेवायचं. यीस्ट किंवा विरजण काही लागत नाही, आंबवणारे जिवाणू उडदाच्या डाळीबरोबरच येतात. ते आम्ल तयार करतात, वायू सोडतात, आणि उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. म्हणून इडली हलकी होते. पण मुंबईची हवा बारा महिने सारखी नसते. मे महिन्यात पीठ पाच-सहा तासांत वर येतं आणि दुर्लक्ष झालं तर आंबट होऊन बसतं, जानेवारीच्या थंडीत त्याला दुप्पट वेळ लागतो. मीठ कधी घालायचं, पातेलं कुठे ठेवायचं, किती वाजता वाटायचं हे ठरवणारा माणूस घड्याळाकडे कमी आणि पिठाच्या वासाकडे जास्त लक्ष देतो.

गर्दीच्या हॉटेलाचं पीठ चांगलं असतं ते याच कारणाने. रात्री वाटलेलं दुपारपर्यंत संपतं, उरून फ्रिजमध्ये जात नाही, दुसऱ्या दिवशीच्या ताज्या पिठात मिसळलं जात नाही. रांगेचा त्रास आपल्याला होतो खरा, पण ताटात ताजा पदार्थ येतो तो त्या रांगेमुळेच.

तवा दिसेल अशी जागा मिळाली तर जरूर बघत राहावं. लांबरुंद तवा, त्यावर एका वेळी सहा-आठ डोसे. आधी पाण्याचा हबका, चर्रर्र आवाज, आणि बुटक्या केरसुणीने तवा झाडून घेणं. हे नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. तवा फार तापलेला असेल तर पीठ पडल्या जागी चिकटतं, पसरत नाही. पाण्याने वरचा थर क्षणभर निवतो आणि वाटीच्या बुडाने पीठ आतून बाहेर गोल फिरवायला तेवढाच अवधी मिळतो. मधला भाग पातळ, कडा त्याहून पातळ. म्हैसूर मसाला असेल तर लाल मिरचीची चटणी आणि लोण्याचा गोळा थेट डोशावर पडतो आणि उलथण्याने एकजीव होत सगळीकडे पसरतो. बटाट्याची भाजी त्यानंतर. कडा आपण होऊन तवा सोडू लागल्या की डोसा तयार झाला असं समजायचं. जाणता कारागीर त्याआधी त्याला हात लावत नाही. डोसा उलटायचा नसतो, एकाच बाजूने भाजायचा असतो. वरची बाजू वाफेवर शिजते. आपल्या घरी तो फसतो तो बहुतेकदा घाईने उलटल्यामुळे.

आता बाकीच्या जागा. राम आश्रय माटुंगा स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की लगेच. पहाटेच उघडतं, आणि पहिली गाडी पकडणाऱ्यांपासून फिरायला निघालेल्या पेन्शनरांपर्यंत सगळे तिथे येतात. तिथला शिरा ठरलेला नसतो, कधी अननसाचा, कधी दुसऱ्या कुठल्या फळाचा, विचारून मागवावा. सोबत उपमा घ्यावा, कारण वाफाळता, मोकळा आणि तरी कोरडा न पडलेला उपमा मुंबईत फार थोड्या ठिकाणी मिळतो.

कॅफे म्हैसूरला इडली खावी. मुकेश अंबानींनी आपल्याला तिथली इडली आवडते असं जाहीरपणे सांगितलं आहे. ते शेजारच्या यूडीसीटी कॉलेजात शिकत होते. व्हीजेटीआय, रुइया, पोदार, खालसा या सगळ्या कॉलेजांतल्या मुलांच्या किती पिढ्या या हॉटेलांनी पोसल्या असतील! महिनाअखेरीस खिशात कमी पैसे असताना पोट भरेल असं खाणं इथे मिळत आलं. रामा नायकांच्याच परंपरेतलं इडली हाउसही जवळच आहे. तिथे फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेल्या इडल्या मिळतात. गोव्याकडच्या, कारवार-मंगळुराकडच्या माणसाला हा पानातल्या इडलीचा प्रकार, खोट्टो, घरचाच. पानाचा मंद वास इडलीत उतरतो आणि तिला चटणीचीही गरज उरत नाही.

अकरा वाजून गेले आणि पोटात खरीच भूक असली तर श्रीकृष्ण बोर्डिंग. स्टेशनाजवळच्या मार्केटच्या पहिल्या मजल्यावर, जिना चढून. केळीच्या पानावरचं जेवण, भाज्यांचा दिवसवार ठरलेला बेत, सांबार, रसम, ताक, पापड. वाढपी पुन्हा पुन्हा येतात. इथल्या सांबाराला गुळाची किंचित गोडी असते, ती उडुपीची खूण. तमिळ घरातलं सांबार जास्त चिंचेचं, जास्त हिंगाचं. ज्यांना हे गोड सांबार रुचत नाही त्यांनी रसम मागावं, ते तिखट आणि चोख असतं.

कॉफीवर मला थोडं जास्त बोलायचं आहे. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पूड दाबून, वर उकळतं पाणी ओतून थेंब थेंब गळू द्यायचं. हे दाट डिकॉक्शन, त्यात उकळतं दूध आणि साखर, मग पेल्यातून डवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, आणि डवऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतणं. त्याने साखर विरघळते, फेस येतो, आणि ओठ भाजणार नाहीत इतपत कॉफी निवते. पुडीत चिकोरी असते आणि तिच्याबद्दल उगाच नाक मुरडलं जातं. चिकोरीमुळे कॉफीला रंग आणि दाटपणा येतो, दुधातही तिचा कडवटपणा टिकून राहतो. माटुंग्यात म्हैसूर कन्सर्नसारख्या जुन्या दुकानांत बिया समोर दळून मिळतात. चिकोरी किती घालायची ते आपण सांगायचं. घरी फिल्टर असेल तर पाव किलो घेऊन यावी, आठवड्यात संपवावी.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईभरच्या उडुपी हॉटेलांनी एकेक करून पंजाबी भाज्या, चायनीज, पावभाजी, पिझ्झा सगळं ठेवायला सुरुवात केली. धंद्याचं गणित पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण पदार्थ वाढले तसा डोसा हा यादीतला एक पदार्थ होऊन बसला आणि त्याची चव गेली. माटुंग्याची ही हॉटेलं त्यातून वाचली, याचं श्रेय मालकांइतकंच मी गिऱ्हाइकाला देतो. शेजारच्या इमारतीतली पाटी, म्हणजे आजी, चटणीत खोबरं कमी पडलं तर तिथल्या तिथे अण्णांना बोलावून सांगायची. असं जाणतं गिऱ्हाईक चाळीस-पन्नास वर्षं रोज दारात येत असेल, तर भटारखाना सैल पडूच शकत नाही.

हे गिऱ्हाईक आता कमी होत चाललं आहे. तमिळ कुटुंबं चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीला गेली, जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत, आणि जुन्या भाड्याच्या जागांत चाललेल्या हॉटेलांना पुनर्विकासाची टांगती तलवार आहे. रविवारची गर्दी मोठी असते, पण हॉटेल तगतं ते मंगळवारी सकाळी साडेआठला येणाऱ्या माणसावर. ज्यांना जमेल त्यांनी आडवारी जरूर जावं. चटणी बिघडली असेल तर तसं सांगावं, चांगली झाली असेल तर तेही सांगावं.

जाणार असाल तर मध्य रेल्वेने माटुंग्याला उतरा. आधी राम आश्रयला शिरा-उपमा, मग फुलांच्या गल्लीतून चालत किंग्ज सर्कल, तिथे डोसा आणि कॉफी. रविवारी साडेआठच्या आत पोचलात तर थांबावं लागत नाही. एका जागी पोटभर खाऊ नका, थोडं थोडं खा. आणि सोमवारी जाऊ नका. कॅफे मद्रास आणि श्रीकृष्ण बोर्डिंग दोन्ही त्या दिवशी बंद असतात.