खडखडाटाचा माग

माझदा कंपनीने १० फेब्रुवारी १९८९ रोजी शिकागोच्या मोटार प्रदर्शनात दोन माणसांची, कापडी टपाची एक छोटी स्पोर्ट्‌स कार लोकांपुढे आणली. अमेरिकेत ती मियाटा झाली, जपानात युनोस रोडस्टर. इंजिन १.६ लिटरचं, आणि जपानी आवृत्तीचं वजन फक्त ९४० किलो. तोशिहिको हिराई या मुख्य अभियंत्याने गाडीसाठी ‘जिनबा इत्ताई’ हे सूत्र धरलं होतं: घोडा आणि स्वार एकजीव. या गाडीच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाख गाड्यांचा टप्पा २०१६च्या एप्रिलमध्ये पार झाला. पहिली पिढी १९९७पर्यंत निघाली. तिच्या ज्या गाड्या आजही धावतात, त्या सगळ्यांनी पंचविशी ओलांडली आहे, आणि त्यांच्या मालकांची मुख्य तक्रार इंजिनाची नसतेच. इंजिन दणकट आहे. तक्रार असते ती आतल्या आवाजांची. डाव्या दारात काहीतरी खुळखुळतं, डॅशबोर्ड कुरकुरतो, टप लावला की डोक्यावर कटकट सुरू होते.

अशा गाडीला हे दुखणं जडणारच. बंद गाडीचं छप्पर पुढचे आणि मागचे खांब एकमेकांना बांधून ठेवतं. छप्पर काढलं की तो सगळा भार जमिनीच्या पत्र्यावर आणि दारांखालच्या उंबऱ्यांवर येतो. एक चाक खड्ड्यात गेलं की पुढच्या काचेची चौकट आणि सीटमागचा भाग एकमेकांच्या तुलनेत किंचित पिळले जातात. पीळ अगदी थोडा असतो, पण दारं, डॅशबोर्ड, टपाचे आकडे सगळं त्या दोन टोकांनाच टांगलेलं आहे. माझदाला हे ठाऊक होतं. १९९४च्या मॉडेलमध्ये १.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा सीटमागे दोन्ही सीटबेल्टच्या खांबांना जोडणारा एक आडवा दांडा घातला गेला. जुन्या १.६ गाड्यांचे मालक तो दांडा शोधून आपल्या गाडीत बसवतात. योग्यच करतात.

आतले आवाज दोन जातींचे. खडखड होते ती दोन वस्तूंमध्ये फट राहिल्यामुळे: एक हलते, दुसरीवर आपटते, मागे येते, पुन्हा आपटते. कुरकुर मात्र फट नसल्यामुळे होते. दोन पृष्ठभाग एकमेकांना दाबून धरलेले असतात, गाडी पिळली की ते क्षणभर चिकटून राहतात, मग ताण असह्य होऊन एकदम सरकतात, पुन्हा चिकटतात. सेकंदात शेकडो वेळा हे घडतं. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमकं हेच होत असतं. या दोन जातींचे उपाय उलटे आहेत. खडखड करणाऱ्या भागाला आधार हवा, कुरकुरणाऱ्याला मोकळीक किंवा वंगण. जात न ओळखता हात घातला तर एक आवाज जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो.

त्यात हवामानाची भर. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची एक मीटर लांबीची पट्टी १० अंशांनी तापली तर साधारण एक मिलिमीटर वाढते. तिच्याखालचं तेवढंच पोलाद जेमतेम ०.१ मिलिमीटर वाढतं. म्हणून सकाळच्या गारव्यात कुरकुरणारी गाडी दुपारी गप्प बसते. मेकॅनिककडे ती दुपारी जाते, आणि मग ‘आवाज तर येत नाही’ हे उत्तर ऐकून मालक हिरमुसला होऊन परत येतो. आवाज ज्या वेळी, ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला येतो, तेव्हाच तो पकडायला हवा.

पकडणं हेच या कामातलं खरं कसब. छोट्या केबिनमध्ये कान फसतो. काच, पत्रा, स्टिअरिंगचा दांडा आवाज वाहून नेतात आणि तो भलतीकडून आल्यासारखा वाटतो. रीत अशी: आधी गाडी रिकामी करायची. ॲश-ट्रेमधली नाणी, ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं आणि पेन, दाराच्या कप्प्यातला चष्मा, सगळं बाहेर. डिकीत स्टेपनी आणि जॅक असतो. जॅकचा स्क्रू फिरवून तो आपल्या खोबणीत घट्ट बसवायचा. या गाडीची बॅटरीही डिकीतच आहे, वजन मागे जावं म्हणून तिथे ठेवलेली. तिची पकड सैल असेल तर प्रत्येक खड्ड्याला मागून धप्प आवाज येतो आणि मालक शॉक ॲब्सॉर्बर बदलून मोकळा होतो. हे सगळं झाल्यावर दुसऱ्याला गाडी चालवायला बसवून आपण शेजारच्या सीटवर बसायचं आणि एकेक पॅनेल तळहाताने दाबत जायचं. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली.

बहुतेकदा हा शोध दारापाशी येऊन थांबतो. दाराचं आतलं पॅनेल काढायला स्क्रू थोडेच. बाकी ते कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपांवर धरलेलं असतं. पॅनेलचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा. पाणी लागून ती फुगते आणि क्लिपांची भोकं फाटतात. मग क्लिप नवी घातली तरी तिला धरायला काही उरत नाही. अशा वेळी पॅनेल खेचायचं नाही. क्लिपेच्या अगदी जवळ पातळ चपटं हत्यार सारून एकेक क्लिप उचलायची, आणि फाटलेल्या भोकाला मागून पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चकती चिकटवून नवी कड द्यायची. पॅनेलच्या मागे काळ्या चिकट पट्टीने लावलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. अनेक गाड्यांत तो कुणीतरी फाडून टाकलेला आढळतो. तो दारातलं पाणी पॅनेलपासून दूर ठेवतो, म्हणजे फळी कुजण्याचं मूळ कारण तिथेच सापडतं. तो परत लावल्याशिवाय दाराचं काम पूर्ण झालं असं मी मानत नाही.

कागदाच्या मागे काच. ती रुळावरून वरखाली होते, आणि तिला रुळावर धरणारे प्लॅस्टिकचे छोटे तुकडे झिजलेले असतात. तीस वर्षांपूर्वीचं ग्रीस वाळून तपकिरी, मेणासारखं कडक झालेलं असतं. काच अर्धी खाली असताना खडखडते आणि पूर्ण वर गेली की थांबते, ही या दुखण्याची खूण. जुनं ग्रीस खरवडून रूळ स्वच्छ पुसायचा, झिजलेले तुकडे बदलायचे, नवं ग्रीस पातळ लावायचं. काच हळू चढण्याची तक्रारही त्याबरोबर बरीच कमी होते. मोटर बदलायची गरज पडत नाही. शेवटी दार बंद करताना चौकटीत बसणारी पाचर पाहायची. तिच्याशी भिडणारे प्लॅस्टिकचे तुकडे झिजले की बंद दारातही प्ले राहतो आणि गाडी पिळली की दार चौकटीत नाचतं. किंमत किरकोळ, फरक मोठा.

डॅशबोर्डवरचे हवेचे गोल झरोके सैल होऊन मान टाकतात. त्यांच्या कडेला फेल्टची बारीक पट्टी पुरते. गिअरचा दांडा ठरावीक आरपीएमला झणझणू लागला तर त्याच्या तळाचा बुश गेलेला असतो, आणि त्याच्या वरचं रबर फाटलं असेल तर गिअरबॉक्सची घरघर आणि उष्णता दोन्ही आत येतात. टपाच्या आकड्यांचा ताण कमी-जास्त करता येतो. तेवढं केलं की बऱ्याच गाड्यांत डोक्यावरची कटकट जाते.

आता चुकीचे उपाय. सर्वांत जास्त नुकसान फोमने होतं. दिसेल त्या फटीत फोम कोंबला की महिनाभर शांतता मिळते, मग तो दबतो, पाणी धरतो, आणि आत गंज सुरू होतो. दारांच्या रबरी बीडिंगवर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावणं तितकंच वाईट. खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि ढिलं पडतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवं. फवाऱ्याच्या पातळ तेलाने कुरकुर थांबते, पण तेल उडून गेलं की ती परत येते. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला आटे घट्ट धरणारं लॉकिंगचं द्रावण लावलं तर अनेक प्रकारच्या प्लॅस्टिकला तडे जातात. आटा गेलेला स्क्रू आणखी पिळून उपयोग नसतो, त्याखालची मूळ क्लिप बदलावी लागते. कारखान्यात प्रत्येक भागाला एक बैठक दिलेली होती. ती त्याला परत मिळवून देणं एवढंच काम आहे, आणि पॅकिंग भरून ते होत नाही.

सगळेच आवाज मारायचे नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. या गाडीच्या सायलेन्सरचा स्वर मुद्दाम घडवलेला आहे. तो ऐकू यावा म्हणूनच बाकीची किरकिर घालवायची. आणि काही आवाज म्हणजे इशारे. एक्झॉस्टवरचं उष्णतारोधक पत्र्याचं आवरण सैल झालं की थंड इंजिनावर पातळ झणझणाट येतो, तो एका क्लॅम्पने थांबतो. पण ब्रेक दाबला की थांबणारी खडखड आतल्या सजावटीची नसते. ती ब्रेक पॅडची असते, आणि तिच्यासाठी चाक काढावंच लागतं.

मोटार कंपन्या हे शोधकाम आता प्रयोगशाळेत करतात. गाडीची चारही चाकं हलत्या खांबांवर ठेवून, खोली कधी थंड कधी गरम करून, ती खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी हादरवली जाते. आवाज आणि कंपनांच्या अभ्यासाची अशी प्रयोगशाळा पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडेही आहे. विजेच्या गाड्यांमुळे या कामाचं मोल वाढलं आहे, कारण छोटे आवाज झाकायला तिथे इंजिनच नाही.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत मात्र खरी अडचण सुट्या भागांची. २०१७मध्ये माझदाने जपानमधल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली. कापडी टप, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग आणि गिअरची मूठ, ब्रिजस्टोनचे मूळ नक्षीचे टायर पुन्हा बनवायचं ठरलं. मोठ्या वस्तू अशा परत आल्या, याचा आनंद आहे. पण माझ्या मते अशा गाडीचं आयुष्य ठरतं ते काचेच्या रुळावरच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर, दाराच्या क्लिपांवर आणि बीडिंगवर. मालकाने पैसे आधी तिथे घालावेत, टायर आणि स्टिअरिंग नंतर.